मदत हवी आहे: गटाने खासगी विमा काढावा की सरकारी योजनेवरच राहावं?

नमस्कार मंडळी. आमचा महिला बचत गट बीडच्या धारूर तालुक्यातला. बहुतेक जणी ऊसतोडीला जातात. फडावर कुणी आजारी पडलं की मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) वाढते, नाहीतर डोरलं गहाण पडतं. म्हणून काहींचं म्हणणं, गटाच्या पैशातून खासगी मेडिक्लेम काढू.

मला ते पटत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, हप्ता भरावा लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत. पण त्यांचंही खोटं नाही. योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या, यादीतल्याच उपचारांना लागू. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय? सरकारी दवाखान्यात गोळी संपली की बाहेरची चिठ्ठी हातात पडते.

सांगली-कोल्हापूरकडे तोडीला असताना बीडच्या रेशनकार्डावर योजनेतून कुणी भरती झालंय का? आरोग्यमित्राने (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याने) कोणते कागद मागितले? नव्या सुनेचं नाव कार्डावर चढलेलं नसेल तर? आणि गटाचा विमा काढलेल्यांनी हे जरूर सांगा: बाळंतपण आणि जुना आजार त्यात धरतात का? ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत ठरवायचंय.