मदत हवी आहे : फुगलेल्या फ्रंटल सायनसवरील शस्त्रक्रियेबाबत

नमस्कार. आम्ही मालवणचे. माझ्या 26 वर्षांच्या धाकट्या भावाच्या डाव्या भुवईवरचा कपाळाचा भाग गेल्या काही वर्षांत हळूहळू पुढे आला आहे. सिटी स्कॅनमध्ये गाठ किंवा पू आढळला नाही. भुवईमागची हवेची पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, प्रमाणाबाहेर वाढून तिची पुढची भिंत बाहेर आली आहे. 'न्यूमोसायनस डायलेटन्स' असे निदान झाले आहे. हा विकार दुर्मीळ असून त्याचे नेमके कारण ठरलेले नाही. नाकाकडील वाटेत झडपेसारखा अडथळा होऊन हवा आत कोंडते, अशी एक उपपत्ती आहे. दृष्टी आणि एमआरआय, दोन्ही व्यवस्थित आहेत.

भाऊ तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी नेतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि वर येताना आतली हवा प्रसरण पावते; नेमकी तेव्हाच त्याच्या कपाळात कळ येऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी पाण्यात उतरणे सध्या बंद करायला सांगितले आहे.

दोन तज्ज्ञांची मते वेगळी पडली. एकांच्या मते नाकातून दुर्बिणीने सायनसची वाट मोकळी करणे पुरेसे आहे. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की त्याने दाब कमी होईल, पण पुढे आलेले हाड आपोआप मागे जाणार नाही. ते नुसते घासावे तर भिंत पातळ असल्याने सायनसच उघडा पडेल, म्हणून केसांमधून कानापासून कानापर्यंत छेद घेऊन भिंत काढावी, तिला आकार द्यावा आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पुन्हा बसवावी. मला दुसरे मत अधिक पटते, परंतु आमच्या घराण्यात टक्कल लवकर पडते, त्यामुळे व्रण उघडा पडेल ही शंका आहे.

ज्यांनी किंवा ज्यांच्या नातेवाइकांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे : दोन्ही कामे एकाच वेळी झाली का, कपाळाची बधिरता किती काळ राहिली, आणि नंतर डायव्हिंगला परवानगी मिळाली का? कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन मिळून हे काम करतात अशी सोय बांबोळी (गोवा), कोल्हापूर की मुंबईत पाहावी, आणि जन आरोग्य योजनेतून खर्च मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का? वाफारा, लेप वगैरे शेजारीपाजारी भरपूर सुचवून झाले आहेत, ते कृपया नकोत. स्कॅनच्या अहवालातील आणखी तपशील हवा असल्यास देईन.