‘इमर्शन’: विसर्जन नव्हे, मग मग्नता की तन्मयता?

प्रश्न

आभासी जगांच्या रचनेवर मराठीत एक लेख लिहिते आहे. आपण पडद्यासमोर बसलो आहोत हे खेळणाऱ्याने विसरावे आणि त्याने गेमच्या जगात शिरावे, याला गेम बनवणारे लोक ‘इमर्शन’ म्हणतात. यंत्राकडून भाषांतर करून घेतले की ‘विसर्जन’ हा शब्द समोर येतो. तो मला पटत नाही. ‘निमज्जन’ अचूक वाटतो, पण वाचक तिथे अडखळेल. शिवाय ‘डायजेटिक इंटरफेस’ला, म्हणजे खेळणाऱ्याला हवी ती माहिती गेमच्या जगातल्याच वस्तूंवर दाखवण्याला, काय म्हणावे तेही सुचवा.

प्रतिसाद

विसर्जन नकोच. आपल्या मनात त्याच्याबरोबर समुद्र येतो, पण मूळ शब्दात पाणी नाही. वि + सृज् म्हणजे सोडणे, निरोप देणे. पूजेच्या सुरुवातीला आवाहन, शेवटी विसर्जन. सुपारीच्या गणपतीवर अक्षता वाहिल्या की पाण्याशिवायही ते होते. विधानसभा विसर्जित होते तीही याच अर्थाने. गेममध्ये तर माणसाला आत बोलवायचे आहे, म्हणजे अर्थ नेमका उलटा झाला.

बुडण्याचाच अर्थ हवा असेल तर ‘मग्न’ हा शब्द घरचा आहे. मस्ज् म्हणजे बुडणे, त्याचे हे रूप. निमज्जनही त्याच धातूचे. जेनेट मरे यांनी १९९७ मध्ये संगणकावरच्या कथाविश्वांबद्दल लिहिताना इमर्शनची उकल पाण्याखाली असण्याच्या अनुभवावरूनच केली होती. तेव्हा ‘मग्नता’ घ्या, कोणी अडखळणार नाही.

एक भेद मात्र लेखात सांभाळा. मेल स्लेटर हे आभासी वास्तवाचे अभ्यासक इमर्शन हा यंत्रणेचा गुण मानतात: दृश्य नजरेचा किती भाग व्यापते, मान वळवल्यावर ते किती चटकन वळते, आवाज योग्य दिशेने येतो का. ‘मी तिथे आहे’ असे माणसाला वाटणे ही त्यांच्या लेखी वेगळी गोष्ट, तिला ते ‘प्रेझेन्स’ म्हणतात. मराठीत दोन नामे घडवत बसण्यापेक्षा दोन क्रियापदे वापरली की काम होते. डोळ्यांवर चढवलेला हेडसेट आपल्याला वेढतो आणि आपण रमतो. वेढले गेलो तरी रमूच असे नाही. उलट, बुद्धिबळाच्या पटावर माणूस काहीही वेढलेले नसताना मग्न होतो.

प्रतिसाद

डायजेटिकसाठी ‘कथांतर्गत’ आणि त्याच्या उलट ‘कथाबाह्य’. चित्रपटात पात्राच्या खोलीतला रेडिओ वाजतो तो कथांतर्गत, पार्श्वसंगीत कथाबाह्य. गेममध्ये २००८ चा ‘डेड स्पेस’ हे ठळक उदाहरण. नायकाची प्रकृती कोपऱ्यातल्या पट्टीवर दिसत नाही, त्याच्या पोशाखाच्या पाठीवर कण्यालगत उजळणाऱ्या रेषेत दिसते. उरलेल्या गोळ्यांचा आकडा बंदुकीवरच उमटतो. सामानाची यादी त्याच्यासमोर हवेत उघडते आणि ती वाचत असताना खेळ थांबत नाही, मागून राक्षस येऊ शकतो. त्याच वर्षीच्या ‘फार क्राय २’ मध्ये नकाशा हा हातात धरलेला कागद आहे. २०१२ च्या ‘जर्नी’मध्ये किती उडता येईल ते पात्राच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या लांबीवरून आणि उजळलेल्या खुणांवरून कळते.

स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या दोघांनी २००९ च्या प्रबंधात याचे आणखी बारीक प्रकार पाडले. माहिती कथेत आहे का हा एक प्रश्न, आणि ती त्या जगाच्या अवकाशात दिसते का हा दुसरा. मार खाल्ल्यावर पडद्यावर उडणारे रक्ताचे शिंतोडे कथेतले असतात, पण दिसतात पडद्याच्या काचेवर. नुसते ‘कथांतर्गत’ तिथे पुरत नाही.

प्रश्नकर्ती

आभार. म्हणजे जितके कथांतर्गत, तितकी मग्नता अधिक असे लिहिले तर चालेल ना?

प्रतिसाद

नका लिहू. हे मत फार पसरले आहे आणि मला ते चुकीचे वाटते. १९९३ च्या ‘डूम’मध्ये पडद्याच्या तळाशी भली मोठी पट्टी आहे, मधोमध नायकाचा चेहरा, आणि मार बसेल तसा तो रक्तबंबाळ होत जातो. ती पट्टी त्या जगात कुठेच नाही. तरी अंधाऱ्या बोळात वळताना छाती धडधडतेच.

आपले संगीत नाटक आठवा. ऐन दुःखाच्या प्रसंगी नायिका पद म्हणते, प्रेक्षक वन्समोअर देतात, ती तेच पद पुन्हा म्हणते, आणि पुढच्या वाक्याला त्याच प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. स्वगत बाजूच्या पात्राला ऐकू येत नाही हे सगळ्यांना मान्य असते. संकेत एकदा अंगवळणी पडला की तो आड येत नाही.

याला मराठीत शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळाले आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची जाणीव सोडत नाही, आणि या दुहेरीपणातच आनंद असतो. खेळणाऱ्याची अवस्था अगदी हीच. बोटांना बटणे ठाऊक असतात, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब चालू असतो, आणि तरी तो त्या बोळात असतो. पूर्ण विसर पडला तर तो खेळूच शकणार नाही.

मग मग्नता मोडते कशाने? संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातली दोन इंटरफेस करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावीत: ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे कळण्याची साधने अपुरी असणे, आणि ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे स्पष्ट न दिसणे. सुंदर कथांतर्गत घड्याळ काढले, पण त्यावरचे आकडे वाचता येईनात, तर खेळणारा त्या जगातून बाहेर पडून डोळे बारीक करत बसतो. त्यापेक्षा कोपऱ्यातली साधी पट्टी बरी.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, फक्त हेडसेटपुरती भर. तिथे पडद्याला कोपराच नसतो. नजरेला चिकटवलेली पट्टी मान वळवली की बरोबर फिरते आणि डोळ्यांना त्रास देते. म्हणून २०२० च्या ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’मध्ये प्रकृतीची खूण हातमोज्यावर आहे. ती तिथे ठेवण्याला शरीराचेही कारण आहे.

आणि शब्दाबद्दल: ‘कथांतर्गत’ऐवजी मी ‘विश्वांतर्गत’ आणि ‘विश्वबाह्य’ घेईन. अनेक आभासी जगांत कथा नसतेच. ‘माइनक्राफ्ट’मध्ये तळाशी दिसणारी हृदयांची ओळ विश्वबाह्य, आणि हातात धरून बघायचा नकाशा विश्वांतर्गत. तिथे ‘कथांतर्गत’ लिहिले तर वाचक विचारेल, कुठली कथा?