‘कर्णिकार’ म्हणजे बहावाच का?

प्रश्न: संस्कृत काव्यांची मराठी भाषांतरे वाचताना ‘कर्णिकार’ या शब्दासाठी एका ठिकाणी ‘बहावा’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘कनकचंपा’ असा प्रतिशब्द आढळला. यांपैकी ग्राह्य कोणता मानावा?

उत्तर: बहाव्याचे निर्विवाद संस्कृत नाव ‘आरग्वध’ हे होय. अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वनौषधिवर्गात (वनस्पतींच्या प्रकरणात) राजवृक्ष, चतुरङ्गुल, व्याधिघात, कृतमाल, सुवर्णक असे त्याचे पर्याय येतात. त्यांतले ‘व्याधिघात’ हे नाव शेंगेतल्या सारक मगजामुळे सार्थ वाटते. ‘कर्णिकार’ मात्र अमरसिंहाने या यादीत न घेता ‘द्रुमोत्पल’ आणि ‘परिव्याध’ यांच्यासोबत वेगळा नोंदवला आहे. पुढे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात तोच शब्द आरग्वधाच्या पर्यायांत येऊन बसला. म्हणजे कोश आणि निघंटू (औषधी वनस्पतींच्या नावांचे व गुणांचे ग्रंथ) यांच्यातच एकवाक्यता नाही. भाषांतरकारांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

काव्यापुरते बोलायचे तर माझा कौल बहाव्याला आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात कर्णिकाराने सोन्याची झळाळी हिरावून घेतल्याचे वर्णन आहे, आणि त्याच सर्गात, एवढा सुंदर वर्ण असूनही त्याला गंध नाही, याची कालिदासाला खंत वाटते. कनकचंप्याची फुले पांढरट आणि चांगलीच सुवासिक असतात. नावात कनक असले तरी हे वर्णन त्याला लागू पडत नाही.

शंका: बहाव्याच्या फुलालाही मंद गंध असतो. मग ‘निर्गंध’ हे विशेषण कसे जुळते?

उत्तर: आक्षेप रास्त आहे. तथापि तो गंध इतका सौम्य असतो की फूल नाकाशी नेल्याखेरीज सहसा जाणवत नाही, आणि कवीने चित्र वसंतातले रेखाटले असल्याने ‘निर्गंध’ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. तरीही अमरकोशाची साक्ष डावलता येत नसल्यामुळे भाषांतरात मूळ ‘कर्णिकार’ शब्द ठेवून तळटीपेत ‘बहुधा बहावा’ असे लिहिणे मी पसंत करीन.

जाता जाता: ‘बहावा’ आणि ‘बहर’ यांचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण ‘बहर’ फारसीतून आला आहे आणि केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. ‘बाहवा’ हे रूपही मराठीत रूढ आहे, त्यामुळे ते अशुद्ध मानू नये.