मदत हवी आहे – कंबरदुखीसाठी बाईकचं हँडल बदलायचंय, कुठलं घेऊ?

मंडळी नमस्कार, माझ्याकडे क्लिप-ऑन हँडलवाली (पुढच्या शॉकअपच्या दोन दांड्यांना वेगवेगळे लावलेले छोटे, खाली असलेले हँडल) १५० सीसी स्पोर्ट बाईक आहे, गावात काही वाटत नाही पण पुणे-सातारा केलं की खंबाटकी घाट येईपर्यंत कंबर खालच्या बाजूला जाम होते, उतरल्यावर दोन मिनिटं सरळ उभं पण राहता येत नाही. डॉक्टरांना दाखवलंय, मणक्यात काही नाही म्हणाले, वाकून बसणं कमी करा आणि मध्येमध्ये थांबत जा.

तर आता ऑप्शन दोन दिसतायत. एक म्हणजे क्लिप-ऑनखाली रायझर (हँडल वर उचलणारा तुकडा) टाकून इंचभर वर घ्यायचं, स्वस्त आणि केबल बहुतेक पुरतील. दुसरं म्हणजे सरळ वरचा टी (शॉकअपच्या दांड्या वरून पकडणारी प्लेट) बदलून एकसंध पाईप हँडल, पण मग क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, ब्रेकचा होज सगळंच लांब लागणार, आणि फुल लॉक मारल्यावर (हँडल पूर्ण वळवल्यावर) ते फेअरिंगला म्हणजे पुढच्या प्लास्टिक कव्हरला किंवा टाकीला घासलं तर? 🤦 पाईप २२ एमएमचा घ्यावा का, स्विच आणि ग्रिप आहेत तेच बसतील ना?

अजून एक, मित्र म्हणतो जास्त उंच केलंस तर सगळं वजन माकडहाडावर येईल आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात, मला ते पटतंय म्हणून क्रूझरसारखं उंच हँडल नकोच आहे, थोडं वर आणि थोडं मागे एवढंच हवंय. फुटरेस्ट मागे आहेत ते तसेच ठेवून नुसतं हँडल बदलून फरक पडतो का?

कोणी केलं असेल तर खर्च किती आला, आणि नंतर पोलीस, इन्शुरन्सवाले काही बोलले का तेही सांगा. गाडी विका सोडून काहीही सुचवा 😅