नोटीस बोर्ड पुरत नाही

एकांनी विचारलंय की कॉलेजात काय चालतं ते नोटीस बोर्डावर लागतंच, मग सीनियर मुलांनी नव्या मुलांना वेगळं मार्गदर्शन कशाला करायचं? मला हे पटत नाही. मी तालुक्याच्या गावातून पुण्यात आले तेव्हा एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, सूचना रोज वाचायचे, पण नाव द्यायला गेले नाही. २४० तास सेवाकार्य हा आकडा बघूनच धास्ती घेतली होती. मेसमध्ये शेजारी बसणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या ताईने फोड करून सांगितलं, अगं, हे दोन वर्षांचे मिळून, म्हणजे वर्षाला १२०. सात दिवसांचं निवासी शिबिर वेगळं, तेही आपल्याकडे सुट्टीत असतं. मग पहिल्या बैठकीला ती स्वतः माझ्याबरोबर आली. ती आली नसती तर मी दारातूनच परत फिरले असते.

पुरुषोत्तम करंडकाचंही तसंच. १९६३पासूनची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, त्यामुळे अभिनय येत असेल तरच जायचं असं नव्या मुलांना वाटतं. प्रकाशयोजनेला, नेपथ्याला, बॅकस्टेजलाही माणसं लागतात, हे तालमीत राबलेल्यानेच सांगावं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 'दीक्षारंभ' या नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमातही सीनियर विद्यार्थ्यांच्या सोबतीची कल्पना आहे. आमच्याकडे मात्र तो भाषणांतच संपला. माझ्या मते एका सीनियरकडे पाच-सहाच मुलं द्यावीत आणि पहिली सेमिस्टर संपेपर्यंत आठवड्यातून एकदा चहाला भेटावं. गप्प राहणारी मुलं बऱ्याचदा दिवाळीच्या सुमारास हळूच विचारतात, "अजून नाव देता येईल का?"