मुलगी तिसरीत, वाचताना अडखळते, बाई म्हणतात एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) असेल, पुढे काय?

भांडुपची_आई:
नमस्कार, मुलगी तिसरीत आहे, मराठी मिडियम, अनुदानित शाळा. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगते, भाजीवाल्याकडचा हिशोब तोंडी करते, पण पुस्तक हातात दिलं की एकेक अक्षर लावत बसते. लिहिताना काना-वेलांटी गळते, जोडाक्षर आलं की थांबतेच, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणते. काल बाईंनी बोलावून सांगितलं, एलडी असेल, तपासून घ्या. घरी सासूबाई म्हणतात लाड जास्त झालेत. मी रोज सकाळी शुद्धलेखन घालते, ती रडते आणि मग मीपण. यात शाळेनं काय करायचं असतं? आणि एकदा शिक्का बसला की वेगळ्या शाळेत पाठवतात का हो?

प्राथमिक_शिक्षिका:
ताई, शाळेतून काढायचं कुणी म्हणालं तर ऐकूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एलडी येतं, आणि कलम १६ मध्ये लिहिलंय की शाळेनं अशी मुलं लवकरात लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलायची, म्हणजे तिच्याच वर्गात तिला मदत मिळायला हवी. आम्हा शिक्षकांचं काम फक्त पहिल्या चाळणीचं, वह्या बघायच्या, वाचून घ्यायचं, चेकलिस्ट भरायची, आईवडिलांशी बोलायचं. २०१८ च्या केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये हे तिसरीपर्यंत किंवा आठ वर्षांपर्यंत करायला सांगितलं होतं, त्यामुळे तुमच्या बाईंनी वेळेवर सांगितलंय असं समजा. पण एलडी आहे की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही, ते डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्टनीच ठरवायचं. आणि ते सकाळचं शुद्धलेखन आजपासून बंद करा प्लीज, दहादा लिहून वेलांटी जागेवर येत नाही, पोरगी फक्त वहीला घाबरायला लागते.

लालबागचा_बाबा:
आमच्या मुलाचं पाचवीत कळलं. त्याआधी दोन वर्षं शाळेत 'मुलगे उशिराच लिहायला लागतात' एवढंच ऐकत राहिलो आणि घरी मी त्याला आळशी म्हणायचो, ते आजपण आठवलं की झोप लागत नाही, म्हणून सांगतो थांबू नका. मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलमध्ये एलडी क्लिनिक आहे. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तरी मूल असंच अडखळतं. मग बुद्ध्यांकाची टेस्ट, त्यानंतर वाचन, लेखन, गणित वेगवेगळं बघतात. एका दिवसात होत नाही, आम्हाला चार खेपा लागल्या, रजा तशी ठेवा. शाळेचं पत्र, मार्कशीट आणि चाचणीच्या पेपरांच्या झेरॉक्स न्या, तिच्याच अक्षरातल्या, लाल खुणांसकट. आणि चाचणी मराठीतून घ्या असं स्वतःहून सांगा. इंग्रजीत वाचायला दिलं तर मराठी मिडियमचं कुठलंही मूल अडखळेल, त्यातून काय कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाच्या चाचण्या केल्यात, त्या मराठीतपण आहेत.

भांडुपची_आई:
दादा, तपासणीनंतर एलडीचं सर्टिफिकेट मिळालं की काम झालं का?

प्राथमिक_शिक्षिका:
नाही ना, खरी गडबड तिथेच होते. सर्टिफिकेटनं दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, पण तिसरीतल्या पोरीला आत्ता वाचायला कोण शिकवणार? रिपोर्टमध्ये नेमकं कुठे अडतंय ते लिहिलेलं असतं, ते घेऊन बाईंना आणि विशेष शिक्षिकेला भेटा, रेमेडियल (तिच्या अडचणीप्रमाणे वेगळं शिकवणं) कोण घेणार आणि आठवड्यातून किती वेळा हे तिथेच विचारून घ्या. तोवर तोंडी उत्तरं चालतील का तेही विचारा. आणि तपासणी एकदाच होऊन संपत नाही, २०१८ च्या त्याच गाइडलाइन्समध्ये १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत करायला सांगितलं होतं, आता कधी करायची ते क्लिनिकमध्ये विचारा, म्हणून सगळे कागद एका फाइलीत लावून ठेवा.

भांडुपची_आई:
आज शुद्धलेखन घातलं नाही, मी गोष्ट वाचली आणि तिनं पानावर बोट फिरवलं, मधेच 'पाऊस' स्वतःहून वाचलं. सोमवारी शाळेत पत्र मागायला जाते.