आर्मेनिया: गार्नी, गेगार्द आणि एका दिवसाची टूर (तुमचेही अनुभव लिहा)

सुकीमेथी:
वाणसामानात आज जर्दाळू आले आणि डब्यात भरता भरता एकदम येरेवानच आठवलं, म्हणून लिहितेय. भाऊ दुबईला, त्याच्याकडे गेलो होतो तिथूनच पुढे आर्मेनिया केलं. येरेवानहून मिनीबसची टूर, गार्नीचं जुनं देऊळ नि गेगार्दची मॉनेस्ट्री, मधे लवाश (तिकडची पातळ रोटी) भाजायचं प्रात्यक्षिक. गार्नीला उतरल्या उतरल्या नवऱ्याला म्हटलं अहो हे तर ग्रीसमधलं वाटतंय! 24 खांब, काळसर बसाल्ट, खाली आझात नदीची दरी. पहिल्या शतकातलं, मिहर ह्या सूर्यदेवाचं मानतात. राजाने ख्रिस्ती धर्म घेतल्यावर बाकीची जुनी देवळं गेली, हे राजाच्या बहिणीचं उन्हाळी घर म्हणून वाचलं असं गाइड सांगत होती. पण 1679 च्या भूकंपात कोसळलंच. आत्ता दिसतं ते 1969 ते 75 मध्ये तेच दगड गोळा करून परत उभं केलेलं, आणि जिथे मूळ दगड मिळाला नाही तिथे नवा बसवलाय पण कोरीवकाम न करता साधाच ठेवलाय, म्हणजे जुनं कुठलं नवं कुठलं लगेच कळतं. हे मला फार पटलं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की आधी ऑइलपेंटचा डबा येतो.

गेगार्दला आत अंधार, वरून एकच झरोका. आमच्या बसमधले एक गृहस्थ सकाळपासून फोनवर फॅक्टरीचंच बोलत होते. वरच्या दालनात चारपाच बायकांनी गायला सुरुवात केली नि आवाज असा काही घुमला की त्यांनी फोन चक्क खिशात टाकला. तुमचंही येऊ द्या.

घाटमाथा:
वेरूळ बघितलंय, आता काय नवल वाटणार ह्या तोऱ्यात गेगार्दला गेलो होतो. तोरा गेटवरच उतरला. मुख्य चर्च 1215 चं, बांधलेलं, आणि त्याला लागून अख्खा कातळ पोखरून काढलेली दालनं, खांबसुद्धा त्याच दगडातले मागे ठेवलेत. एका भिंतीवर प्रोश्यान घराण्याचं चिन्ह आहे, साखळीने बांधलेले दोन सिंह नि मधे गरुड, पंजात कोकरू. आत झरा पण आहे, लोक बाटल्या भरून नेतात

नळपाणी:
गार्नीला देवळाच्या बाजूचं स्नानगृह बघितलं का कोणी?? बहुतेक टूरवाले घाई करतात. जमिनीवर मोझेइक आहे, त्यावर ग्रीकमध्ये लिहिलंय की काम केलं पण मिळालं काहीच नाही 😂 तिसऱ्या-चौथ्या शतकातलं धरतात, म्हणजे बिल सतराशे वर्षं पेंडिंग

सुकीमेथी:
@नळपाणी अगं बाई, आम्हाला दाखवलंच नाही हे!

बोरकूट:
आमची दुसरी टूर होती, खोर विराप आणि नोरावांक, दोन्ही मॉनेस्ट्रीच. खोर विरापला संत ग्रेगोरीला 13 वर्षं खड्ड्यात कोंडलं होतं म्हणतात, त्याच ग्रेगोरीने नंतर राजाला बाप्तिस्मा दिला, 301 साल. खड्ड्यात उभ्या लोखंडी शिडीने उतरायचं, भोक एवढंसं, आईने साडी खोचली नि सरळ खाली. मी वर पर्स सांभाळत. समोर अरारात पर्वत अगदी हाताशी दिसतो पण तो तुर्कस्तानात, सीमा बंद. आर्मेनियाच्या राजचिन्हात अरारात, जायचं मात्र जॉर्जियातून वळसा घालून. गाइड हे सांगताना हसत होता पण ते हसू काही खरं नव्हतं

गवतीचहा:
आई ग्रेट! गुडघे कसे आहेत त्यांचे? माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन ठरतंय, विचारायचंच होतं कोणालातरी

बोरकूट:
@गवतीचहा उत्तम, रोज फिरतात. व्यनि (खाजगी मेसेज) करते

घाटमाथा:
नोरावांकला दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या अरुंद पायऱ्या चढलात का? कठडा नाही काही नाही, चढताना ठीक आहे, उतरताना देव आठवतो, कुठला का असेना

पोटोबा:
शाकाहारी लोकांचे हाल होतात का हो?

सुकीमेथी:
नाही हो. लवाश, चीज, टोमॅटो, आणि ढीगभर पालेभाज्या भरून भाजलेली झिंग्यालोव हात्स, आपल्या पराठ्याची लांबची बहीण. लवाशवाली आजी तोनिरमध्ये (जमिनीतला तंदूर) पार वाकून उशीवरची पोळी भिंतीला थापते, मला करून बघ म्हणाली, मी हात जोडले.

एकशिंगी:
भाचा येरेवानला एमबीबीएसला आहे. तो म्हणतो मामा मॉनेस्ट्री सोड, थंडीचे बूट पाठव. बाय द वे मुंबईत फोर्टातही आर्मेनियन चर्च आहे, किती वर्षं त्या बाजूला नोकरी केली, आत्ता ह्या धाग्यामुळे शोधलं

पोटोबा:
बूट तिकडेच घे म्हणावं, इथले बर्फात टिकत नाहीत. गोडाचं काय मिळतं?

नळपाणी:
गेगार्दच्या वाटेवर बायका 'गाता' नावाची गोड भरलेली ब्रेड विकत बसतात, भली मोठी. आणि दोऱ्यात अक्रोड ओवून द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवलेलं सुजुख. दोन्ही हॉटेलवर न्यायला म्हणून घेतलं, बसमध्येच संपलं

एकशिंगी:
डायबेटिसवाल्यांनी ह्या धाग्यावर यायचं नाही का मग 😭

सुकीमेथी:
या हो, तुम्ही फोटो बघा. टाकतेय, नेट रडतंय जरा.